मांडव्याचा धांवपटु अविनाश साबळे

आज मला ज्या विषयावर बोलावयाचें आहे, तो ऐकून माझ्या घरच्या मंडळींना हसूं आलें. वेळेवर शाळेंत पोहोंचण्यासाठीं झपाझप चालणें, यापलीकडे ज्या गृहस्थानें आयुष्यांत दुसरा व्यायाम केला नाहीं, त्यानें लांब पल्ल्याच्या शर्यतींवर भाषण करावें, हें त्यांना मोठें गमतीचें वाटलें. त्यांचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. मी व्यायामशास्त्राचा जाणकार नव्हे. छत्तीस वर्षें खडू आणि फळा यांच्या संगतींत काढलेला एक मॅट्रिक मास्तर आहें. परंतु आज ज्याच्याविषयीं मी बोलणार आहें, त्याच्या हकीकतींत शाळेची वाट येते, आणि तेवढ्यापुरता मला बोलण्याचा अधिकार आहे, असें मी समजतों.

हा धांवपटु म्हणजे अविनाश मुकुंद साबळे. १३ सप्टेंबर १९९४ रोजीं आपल्या मराठवाड्यांतील बीड जिल्ह्यांत, आष्टी तालुक्यांतल्या मांडवा या गांवीं त्याचा जन्म झाला. वयानें तो मला मुलासारखा असल्यामुळें मी त्याचा उल्लेख एकेरी करीत आहें. त्यांत अनादर नाहीं, आपुलकी आहे. तीन हजार मीटरांच्या अडथळ्यांच्या शर्यतींत त्यानें भारताचा विक्रम एकदां नव्हे, दहा वेळां मोडला. राष्ट्रकुल स्पर्धेंत रौप्यपदक, आशियाई स्पर्धेंत सुवर्णपदक मिळविलें. आणि २०२२ सालच्या अर्जुन पुरस्काराचा तो मानकरी झाला.

आष्टी तालुका ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना त्या भूमीचें वर्णन करून सांगावयास नको. पावसाचा भरंवसा नाहीं, विहिरींना उन्हाळ्यांत तळ दिसतो, आणि दसरा झाला कीं बीड जिल्ह्यांतलीं हजारों कुटुंबें कोयते बांधून ऊसतोडणीसाठीं दूरदूरच्या कारखान्यांवर निघून जातात. साबळ्यांच्या घरीं शेती बेताची. आईबाप वीटभट्टीवर राबत. गांवाहून शाळा सहा किलोमीटरांवर होती आणि वाहनाची सोय नव्हती. वयाच्या सहाव्या वर्षापासून अविनाश तेवढें अंतर चालत, पुष्कळदां पळत, कापीत असे.

त्याला कीर्ति लाभल्यावर वृत्तपत्रांनीं ही सहा किलोमीटरांची वाट उचलून धरली. "याच वाटेनें त्याला धांवपटु केलें," असें लिहिलें गेलें. सुशिक्षित घरांतून आपणहि हेंच मुलांना ऐकवूं लागलों: "बघ, तो सहा किलोमीटर पळत शाळेंत जाई, आणि तुला दारांत रिक्षा लागते!" हें वाक्य मीं स्वतःच माझ्या नातवाला ऐकविलें आहे. पण तें बोलून झाल्यावर माझें मला बरें वाटलें नाहीं; कारण अशा एका वाटेची मला चांगली ओळख आहे.

ती गोष्ट आधीं सांगतों. मी ज्या शाळेंत होतों, तिचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. चूक शाळेची नव्हती, माझी होती. इयत्ता नववींत एक मुलगा होता. तो दूरच्या एका वस्तीवरून येई. रोज त्याला दहा-पंधरा मिनिटें उशीर होई. प्रार्थना संपून हजेरी सुरू झाली कीं हा फाटकांतून पळत येतांना दिसावयाचा, चपला हातांत. मीं नियम करून टाकला होता कीं, उशिरां येणाऱ्यानें पहिला तास संपेपर्यंत ओट्यावर उभें राहावें. तो मुकाट्यानें उभा राही. एक गोष्ट माझ्या नजरेस पडत होती, पण मनांत शिरत नव्हती. एवढ्या दुरून पळत आलेल्या मुलाची छाती भात्यासारखी हालावयास हवी. याची मात्र दोन मिनिटांत शांत होई. पहिला तास माझा गणिताचा असे, आणि मी गणितांत गढलेला असें.

त्या वर्षीं दसऱ्यानंतर त्याचे आईबाप तोडणीवर गेले आणि त्यालाहि घेऊन गेले. कांहीं दिवस हजेरींत त्याच्या नांवापुढें फुल्या पडल्या, मग नांव कमी झालें. पुढें २०११ सालच्या जनगणनेच्या कामावर माझी नेमणूक त्याच वस्तीकडे झाली, तेव्हां ती वाट मीं प्रथमच पायांखालीं घातली. चांगले दोन कोस, म्हणजे सुमारें सहा किलोमीटर, अंतर; मध्यें एक ओढा आणि खडकाळ चढ. मला सव्वा तास लागला आणि पोहोंचल्यावर दहा मिनिटें बोलवेना. वस्तीवरच्या एका म्हातारीला मीं त्या मुलाविषयीं विचारलें. ती म्हणाली, "गुरुजी, तो पान्याचे हंडे भरल्याबिगर निघत नव्हता. मंग पळायचा." एवढेंच. उशीर कां होतो, हें मीं त्याला वर्षभरांत एकदांहि विचारलें नव्हतें.

श्रोतेहो, आतां तुमच्या ध्यानांत येईल कीं, 'वाटेनें धांवपटु केला' हें वाक्य मला कां खुपतें. तसल्या वाटा मराठवाड्यांत गांवोगांवीं होत्या. त्यांवरून पळणाऱ्या मुलांची गणती नाहीं. वाटेंतच जर धांवपटु घडविण्याचें सामर्थ्य असतें, तर ऑलिंपिकचीं निम्मीं पदकें आपल्याच जिल्ह्यांत आलीं असतीं. दारिद्र्य हा गुरु नव्हे. तें पायांना बळ देत असेल. पण दिशा देत नाहीं, अन्न देत नाहीं आणि वेळहि देत नाहीं. म्हणून अविनाशला खरोखर कोणी आणि कशानें घडविलें, हें नीट पाहिलें पाहिजे.

बारावी झाल्यावर तो सैन्यांत भरती झाला, तो धांवपटु होण्याच्या हेतूनें नव्हे. घराला आधार हवा म्हणून. पांचवी महार बटालियन ही त्याची पलटण. सियाचेनच्या हिमनदीवर त्याची नेमणूक झाली. तेथून राजस्थानच्या वाळवंटांत आणि पुढें सिक्कीमच्या डोंगरांत. २०१५ सालीं सैन्यांतल्या क्रॉस-कंट्री शर्यतींत, म्हणजे रानावनांतून, चढउतारांवरून धांवण्याच्या शर्यतींत, तो उतरला, आणि त्याचें धांवण्याचें खरें जीवन तेथून सुरू झालें. त्या वेळीं त्याचें वय एकवीस वर्षांच्या आसपास होतें. इतर देशांत ज्या वयांत धांवपटूची दहा वर्षांची तालीम पुरी झालेली असते, त्या वयांत आमचा हा गडी प्रारंभ करीत होता. परंतु या वेळीं त्याच्यापाशीं तीन वस्तु होत्या, ज्या मांडव्याच्या वाटेवर नव्हत्या: पोटभर अन्न, महिन्याचा पगार, आणि सरावासाठीं हक्काचा वेळ.

चौथी वस्तु दोन वर्षांनीं मिळाली. ती म्हणजे पारखी नजर. सैन्यांतले प्रशिक्षक अमरीश कुमार यांनीं २०१७ सालीं त्याला अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळविलें. येथें या शर्यतीची थोडी माहिती सांगितली पाहिजे. त्याशिवाय पुढच्या आंकड्यांचा अर्थ लागणार नाहीं.

इंग्रजींत हिला 'स्टीपलचेस' म्हणतात. स्टीपल म्हणजे चर्चचा उंच मनोरा. पूर्वीं त्या बेटांत एका गांवच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गांवच्या मनोऱ्याच्या रोखानें घोडेस्वार शर्यत लावीत. वाटेंत येणारे बांध, कुंपणें आणि ओढे ओलांडीत जात. तीच कल्पना पुढें माणसांच्या धांवण्यांत आली. अंतर तीन हजार मीटर. मैदानाच्या साधारण साडेसात फेऱ्या होतात. तेवढ्यांत अठ्ठावीस वेळां लाकडी अडसर ओलांडावा लागतो आणि सात वेळां पाण्याच्या खड्ड्यावरून उडी घ्यावी लागते. पुरुषांच्या शर्यतींत अडसराची उंची ९१.४ सेंटीमीटर, म्हणजे सुमारें तीन फूट. साध्या अडथळा-शर्यतीचा अडसर पाय लागला तर कोसळतो. हा कोसळत नाहीं, धांवणाराच कोसळतो. पाण्याचा खड्डा बारा फूट लांब, अडसराजवळ खोल आणि पुढें उथळ होत गेलेला. जितकी उडी आंखूड, तितका पाय अधिक पाण्यांत. प्रत्येक उडीगणिक श्वासाची लय मोडते, आणि ती पुन्हां जुळते न जुळते तोंच दुसरा अडसर पुढें उभा. या शर्यतींत नुसता वेग उपयोगी पडत नाहीं. मोडलेली लय पुन्हां पुन्हां जुळविण्याची कला लागते.

ही कला अविनाशनें अवघ्या वर्षभरांत किती आत्मसात केली, तें पहा. भारताचा या शर्यतीचा विक्रम गोपाल सैनी यांच्या नांवावर होता. तो त्यांनीं १९८१ सालीं टोकियो येथें ८ मिनिटें ३०.८८ सेकंद अशी वेळ देऊन केला होता. सदतीस वर्षें तो कोणाला मोडतां आला नाहीं. सप्टेंबर २०१८ मध्यें भुवनेश्वर येथें अविनाशनें ती शर्यत ८ मिनिटें २९.८० सेकंदांत पुरी केली. फरक एका सेकंदाहून थोडासाच अधिक. पण सदतीस वर्षांचें कुलूप उघडलें गेलें.

कोणी दुसरा असता, तर राष्ट्रीय विक्रमाचा फेटा बांधून स्वस्थ बसला असता. हा बसला नाहीं. मार्च २०१९ मध्यें पतियाळा येथें ८ मिनिटें २८.९४ सेकंद, त्याच वर्षीं दोहा येथील जागतिक स्पर्धेंत तीन दिवसांच्या अंतरानें दोनदां सुधारणा, आधीं ८ मिनिटें २५.२३ आणि अंतिम शर्यतींत ८ मिनिटें २१.३७. अशी पायरीपायरीनें दहा वेळां सुधारणा करीत जुलै २०२४ मध्यें पॅरिस येथें तो ८ मिनिटें ९.९१ सेकंदांवर आला. पहिल्या विक्रमापासून या दहाव्या विक्रमापर्यंत सहा वर्षांत जवळजवळ वीस सेकंद कमी झाले. गणिताचा मास्तर म्हणून मीं त्याचें अंतर काढून पाहिलें. २०१८ चा अविनाश आणि २०२४ चा अविनाश यांना एकाच मैदानावर एकाच वेळीं सोडलें, तर नवा अविनाश शेवटची रेषा ओलांडील तेव्हां जुना सुमारें १२० मीटर मागें असेल. स्वतःलाच इतकें मागें टाकणें, हें मला कोणत्याहि पदकाहून मोठें वाटतें.

दोहा येथील त्या पहिल्या शर्यतीची हकीकत सांगण्याजोगी आहे. धांवतांना पुढच्या स्पर्धकांच्या पडण्याअडखळण्यांत त्याची वाट दोनदां अडली. तरीहि त्यानें राष्ट्रीय विक्रम केला. परंतु क्रमांक मागें पडल्यानें अंतिम फेरी हुकली. भारतीय पथकानें दाद मागितली, पंचांनीं ती मान्य केली, आणि त्याला अंतिम फेरींत जागा मिळाली. तेथें तो तेरावा आला. पण त्या वेळेनें टोकियो ऑलिंपिकचें दार उघडलें. एका तक्रार-अर्जावर केवढें अवलंबून होतें! ज्याच्या बाजूनें अर्ज लिहिणारें कोणी नसतें, त्याचें काय होत असेल, हा विचार माझ्या मनांत आल्यावांचून राहिला नाहीं.

टोकियोंत, ३० जुलै २०२१ रोजीं, दैवानें उलटें दान दिलें. प्राथमिक शर्यतींत त्यानें ८ मिनिटें १८.१२ सेकंद असा पुन्हां राष्ट्रीय विक्रम केला, पण आपल्या गटांत तो सातवा आला. दुसऱ्या गटांतून त्याच्याहून मंद वेळ देणारे क्रमांकाच्या जोरावर पुढें गेले, आणि बाहेर राहिलेल्यांत सर्वांत वेगवान असा हाच ठरला. परीक्षेंत कधीं कधीं असें होतें. एका केंद्रावरचा पहिला, दुसऱ्या केंद्रावरच्या सातव्याहून कमी गुणांचा असतो. नियम नियमच असतो. अविनाश परतला आणि पुन्हां सरावास लागला.

आतां त्याच्या आयुष्यांतल्या ज्या निर्णयाचें मला सर्वांत अधिक मोल वाटतें, त्याकडे येतों. देशांत त्याला या शर्यतींत कोणी तुल्यबळ उरला नव्हता. घरच्या मैदानावर तो हवीं तेवढीं सुवर्णपदकें गोळा करूं शकला असता. २०२२ पासून तो अमेरिकेंत कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथें स्कॉट सिमन्स या प्रशिक्षकांच्या हाताखालीं सराव करूं लागला. हें शहर समुद्रसपाटीपासून सुमारें अठराशें मीटर उंचीवर आहे. तेथील विरळ हवेंत श्वासागणिक प्राणवायु कमी मिळतो. म्हणून शरीर रक्तांतल्या तांबड्या पेशी वाढवितें, आणि तीच शिल्लक सखल प्रदेशांतल्या शर्यतींत कामीं येते. केनियाच्या धांवपटूंचें बळ पुष्कळ अंशीं त्यांच्या दोन हजार मीटर उंचीच्या पठारांत आहे, असें जाणकार मानतात. सियाचेनच्या विरळ हवेंत जो खांद्यावर बंदूक घेऊन उभा राहिला, तो आतां विरळ हवेंत धांवूं लागला.

आणि मग तो मुद्दाम तेथें गेला, जेथें हरणें जवळजवळ निश्चित होतें. जून २०२२ मध्यें मोरोक्कोंतील रबात येथें तो जगांतल्या अव्वल धांवपटूंबरोबर उतरला. मोरोक्कोचा ऑलिंपिकविजेता सुफियान एल् बक्काली पहिला आला. अविनाश त्याच्यामागून चौदा सेकंदांनीं, पांचवा. पण वेळ पहा: ८ मिनिटें १२.४८ सेकंद! देशांत एकट्यानें पुढें धांवून जी वेळ त्याला कधीं आली नव्हती, ती पराभवांत आली. वर्गांत पहिला येणारा मुलगा मोठ्या शाळेंत जाऊन पांचवा आला, तर आईबाप हिरमुसतात. त्यांनीं ही रबातची शर्यत आठवावी. पांचवा येऊन तो पहिल्याहून अधिक शिकला होता.

त्याचें फळ दोन महिन्यांत दिसलें. १९६८ पासून २०१६ पर्यंत ज्या ज्या ऑलिंपिकांत केनियाचे धांवपटु उतरले, त्या प्रत्येक वेळीं या शर्यतीचें सुवर्णपदक केनियालाच मिळालें. राष्ट्रकुल स्पर्धांत तर १९९८ पासून २०१८ पर्यंतच्या सहा स्पर्धांतलीं अठराच्या अठरा पदकें एकट्या केनियानें नेलीं होतीं. ६ ऑगस्ट २०२२ रोजीं बर्मिंगहॅम येथें या मक्तेदारीला आष्टी तालुक्यानें खिंडार पाडलें. केनियाचा अब्राहम किबिवोट ८ मिनिटें ११.१५ सेकंदांत पहिला. आपला अविनाश ८ मिनिटें ११.२० सेकंदांत दुसरा. सेकंदाच्या शंभर भागांतले पांच भाग! त्या वेगानें हें अंतर जेमतेम फूटभर भरतें. तीन हजार मीटर धांवून फूटभरानें सुवर्ण हुकलें, असें कोणी म्हणेल. मी म्हणतों, चोवीस वर्षें जेथें केनियाखेरीज कोणाचें पाऊल पडलें नव्हतें, तेथें तो फूटभराच्या अंतरावर जाऊन उभा राहिला.

पुढच्या वर्षीं १ ऑक्टोबर २०२३ रोजीं चीनमधील हांगचौ येथें आशियाई स्पर्धेंत त्यानें सुवर्णपदक मिळविलें. आरंभापासून पुढें निघून, ८ मिनिटें १९.५० सेकंद असा स्पर्धेचा नवा विक्रम करून तो जिंकला. आशियाई स्पर्धेंत ही शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय पुरुष. तीन दिवसांनीं पांच हजार मीटरांत त्यानें रौप्यपदकहि घेतलें. या पांच हजार मीटरांचाहि राष्ट्रीय विक्रम त्यानें मे २०२२ मध्यें मोडला होता. बहादूर प्रसाद यांचा तो विक्रम तीस वर्षांचा होता. तो पुढें गुलवीर सिंग यानें आणखी खालीं आणला. विक्रमांचें असेंच असावें. मोडणाऱ्याचाहि मोडणारा निघावा.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकांत अविनाश अंतिम फेरींत पोहोंचला. या शर्यतींत तेथवर पोहोंचणारा तो पहिला भारतीय पुरुष. अंतिम शर्यतींत ८ मिनिटें १४.१८ सेकंद वेळ देऊन तो अकरावा आला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आमच्या फिरावयास जाणाऱ्या मंडळींत एक गृहस्थ म्हणाले, "अकरावाच ना!" मीं त्यांना कांहीं उत्तर दिलें नाहीं. परंतु आतां विचारतों: आपापल्या व्यवसायांत साऱ्या जगांत अकरावा लागेल, असा आपल्या ओळखींत कोणी आहे काय?

तथापि मला या चरित्राची आरती ओंवाळावयाची नाहीं. त्यांत पडझडहि आहे. २०२३ च्या बुडापेस्ट येथील जागतिक स्पर्धेंत तो पहिल्याच फेरींत बाहेर पडला. आणि त्याच वर्षीं दीड महिन्यानें हांगचौचें सुवर्ण आलें. मे २०२५ मध्यें कोरियांतील गुमी येथें आशियाई अजिंक्यपदाच्या स्पर्धेंत त्यानें सुवर्णपदक घेतलें. आणि दोनच महिन्यांत, जुलैमध्यें, मोनॅको येथील शर्यतींत पाण्याच्या उडीवर त्याचा गुडघा दुखावला. शर्यत सोडावी लागली, शस्त्रक्रिया करावी लागली, आणि त्या वर्षींची टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. जो अडसर त्यानें आयुष्यांत हजारों वेळां ओलांडला, त्याच्यापाशींच पाय दगा देऊन गेला. अशा शर्यतीचें जीवन असेंच असतें. त्यांत कोणतीहि उडी सवयीची म्हणून सोपी होत नाहीं.

मराठी मुलुखाला लांब पल्ल्याचें धांवणें नवें नाहीं. १९२० सालीं अँटवर्प येथील ऑलिंपिकांत बेळगांवचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धांवले आणि एकोणिसावे आले. नाशिक जिल्ह्यांतल्या सावरपाडा या आदिवासी पाड्यावरची कविता राऊत हिनें २०१० सालीं दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेंत दहा हजार मीटरांचें कांस्यपदक जिंकलें. साताऱ्याच्या माण भागांतल्या मोही गांवची ललिता बाबर अविनाशच्याच शर्यतींत २०१६ च्या रिओ ऑलिंपिकांत अंतिम फेरी गांठून दहावी आली. बेळगांव, सावरपाडा, मोही, मांडवा. या गांवांत प्रत्येकीं एकच धांवणारा जन्मला असेल, असें मला वाटत नाहीं. प्रत्येक गांवांतला एक कोणाच्या तरी नजरेस पडला, एवढेंच.

श्रोतेहो, यांतून मला जें सांगावयाचें आहे, तें थोडक्यांत असें. आपण अविनाशच्या कष्टांचें कौतुक करतों तेव्हां नकळत त्या कष्टांनाच पुण्य मानूं लागतों. सहा किलोमीटरांची वाट ही अभिमानाची वस्तु नव्हे. ती आपल्या व्यवस्थेची लाज होती. त्या वाटेवरून तो निभावून निघाला, कारण पुढें त्याला सैन्याचें अन्न मिळालें, अमरीश कुमारांसारखा गुरु मिळाला, त्याच्या बाजूनें दाद मागणारे मिळाले, आणि हरण्याच्या ठिकाणीं जाण्याचें धैर्य त्यानें स्वतःच्या अंगीं बाणविलें. यांतला शेवटचा गुण त्याचा. पहिले तिन्ही योगायोगाचे. ज्या समाजांत पहिले तीन योगायोगावर सोपविलेले असतात, त्या समाजांत शेवटचा गुण पुष्कळांच्या अंगीं तसाच जिरून जातो.

आपण शहरांत राहणारीं माणसें; आपण काय करावें? मोठ्या योजना मी सांगत नाहीं. आपल्या घरीं काम करणाऱ्या बाईचा मुलगा, वाण्याकडचा पोऱ्या, आपल्या मुलांच्या वर्गांतला मागच्या बांकावरचा विद्यार्थी, यांच्यापैकीं एखादा वेगानें पळतांना दिसला, तर "अरे, पडशील" एवढें म्हणून थांबूं नये. त्याला जवळच्या क्रीडांगणावर नेऊन एखाद्या जाणत्या शिक्षकापुढें उभें करावें. आणि माझ्या व्यवसायांतल्या तरुण मंडळींना एक विनंति आहे. वर्गांत उशिरां आलेल्या मुलाला शिक्षा करावयाची असेल, तर खुशाल करावी. पण त्याआधीं तो किती दुरून आला आणि निघण्यापूर्वीं काय करून आला, एवढें विचारावें. विचारावयास अर्धें मिनिटहि लागत नाहीं.

माझ्या त्या विद्यार्थ्याचा पत्ता मला पुढें लागला नाहीं. तो अविनाश झाला असता, असें मी म्हणत नाहीं. बहुधा झाला नसता. पण दोन कोस पळून आल्यावर ज्याची छाती दोन मिनिटांत शांत होते, तो कोण होऊं शकला असता, हें शोधण्याची संधि माझ्या ओट्यावर रोज चाळीस मिनिटें उभी होती, आणि मी आंत त्रैराशिक शिकवीत होतों. अविनाशचें नांव वृत्तपत्रांत वाचलें कीं मला आनंद होतो. आणि त्या आनंदाच्या मागोमाग, हातांत चपला घेतलेला तो मुलगा फाटकांतून आंत येतांना दिसतो.